जुन्या ब्रिटिश आणि जपानी मोटारसायकली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या तुलनेत नेमक्या कोणत्या गाड्या धरायच्या?

ब्रिटिश बाजूला ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, रॉयल एन्फील्ड, मॅचलेस, एजेएस, व्हेलोसेट आणि व्हिन्सेंट ही प्रमुख नावे येतात, तर जपानी बाजूला होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी. काळ साधारणपणे दुसऱ्या महायुद्धानंतरपासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा धरला जातो. पण दोन्ही देशांच्या मोठ्या गाड्या एकाच गिऱ्हाइकासाठी खऱ्या अर्थाने झुंजल्या त्या १९६५ ते १९७५ या दहा वर्षांतच. शौकिनांचे निम्मे वाद वर्षांची सांगड न घातल्यामुळे होतात. १९५९ सालची ट्रायम्फ बोनव्हिल आणि १९७२ सालची कावासाकी झेड वन शेजारी उभ्या करून निकाल देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यात देशाचा फरक आहे त्याहून अधिक तेरा वर्षांचा फरक आहे. म्हणून शक्यतो एकाच वर्षाच्या, एकाच वर्गातल्या दोन गाड्या निवडाव्यात आणि मगच बोलावे.

इंजिनाच्या रचनेत मूळ फरक कोणता?

ट्रायम्फचे आरेखक एडवर्ड टर्नर यांनी आखलेली स्पीड ट्विन १९३७ मध्ये बाजारात आली आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे ब्रिटिश मोटारसायकल म्हटले की हाच साचा डोळ्यांसमोर येऊ लागला: शेजारी शेजारी उभे दोन सिलिंडर, एकाच वेळी वर जाणारे आणि एकाच वेळी खाली येणारे दोन पिस्टन, आणि पुशरॉडने, म्हणजे लांब दांड्यांनी, उघडणारे व्हॉल्व्ह. हे इंजिन एका सिलिंडरच्या गाडीच्या सांगाड्यात सहज बसत असे आणि कारखान्यातील जुन्या यंत्रसामग्रीवर तयार होत असे, म्हणून बीएसए, नॉर्टन आणि इतरांनीही आपापली आवृत्ती काढली. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा तळाचा खोका, उभी चिरलेली असे; डावा आणि उजवा असे तिचे दोन भाग असत. ऑइल वेगळ्या टाकीत असे आणि गिअरबॉक्स बहुतेक गाड्यांत बराच काळ स्वतंत्रच राहिली.

जपानी कारखान्यांनी, विशेषतः होंडाने, क्रँककेस आडवी चिरली, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या डोक्यावर नेला (यालाच ओव्हरहेड कॅम म्हणतात) आणि इंजिन अधिक फेऱ्यांवर फिरवून शक्ती काढली. आकडे बोलके आहेत: १९५९ च्या ६४९ सीसी बोनव्हिलची ४६ अश्वशक्ती मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर मिळत असे, तर १९६९ च्या ७३६ सीसी होंडा सीबी ७५० ची ६७ अश्वशक्ती ८,००० फेऱ्यांवर. मात्र ‘ब्रिटिश म्हणजे ऑइलची वेगळी टाकी आणि जपानी म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल’ हा जो नियम सर्रास सांगितला जातो तो सीबी ७५० लाच लागू पडत नाही, कारण तिच्यातही ऑइलची टाकी बाजूच्या पत्र्याआड स्वतंत्र बसवलेली आहे.

ब्रिटिश गाड्या ऑइल गळतात हे खरे आहे की ती नुसती थट्टा आहे?

खरे आहे, पण त्यामागची कारणे समजून घेतली तर थट्टेची धार कमी होते. क्रँककेसचा सांधा वरपासून खालपर्यंत उभा असल्यामुळे त्याचा खालचा भाग सतत ऑइलच्या संपर्कात राहतो. पुशरॉडच्या नळ्या आणि रॉकर बॉक्स मिळून आणखी बरेच सांधे तयार होतात. दोन्ही पिस्टन एकदम खाली येत असल्यामुळे क्रँककेसमधील हवा दर फेरीला दाबली जाते आणि तिला बाहेर पडायला पुरेशी वाट नसेल तर ती ऑइल घेऊनच सांध्यांतून बाहेर येते. यात झिजलेल्या यंत्रांवर तासलेले पृष्ठभाग जमेस धरले की गाडीखाली पुठ्ठा का ठेवावा लागे ते कळते. आडव्या चिरेच्या जपानी इंजिनात मुख्य सांधा ऑइलच्या पातळीच्या वर राहतो, आणि हा फायदा कारागिराच्या कौशल्याचा नसून आराखड्याचाच आहे.

आज एखाद्या चांगल्या मिस्त्रीने सांध्यांचे पृष्ठभाग काचेवर घासून सपाट केले, आधुनिक सीलंट वापरले आणि ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीची, वाट मोकळी केली, तर ट्रायम्फचे इंजिन जवळजवळ कोरडे राहू शकते. एक दोष मात्र उरतो. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतील ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते. नॉर्टनच्या मालकांना हे चांगलेच ठाऊक असते. तसेच इंजिन सुरू केले तर ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर उडते, म्हणून दीर्घ विश्रांतीनंतर आधी तळाचा नट उघडून ऑइल काढावे आणि परत टाकीत भरावे.

थरथर इतकी का, आणि त्यावर ब्रिटिशांनी काही उपाय केला की नाही?

दोन पिस्टन एकत्र खालीवर होतात तेव्हा त्यांचा झटका ते ज्याला जोडलेले असतात त्या क्रँकवरील वजनाने पूर्णपणे सावरता येत नाही. ५०० सीसीपर्यंत हे सुसह्य होते, परंतु अमेरिकेतील मागणीपायी हीच रचना ६५०, ७५० आणि पुढे ८५० पर्यंत ताणली गेली आणि बल्ब फुटणे, नट सैल होणे, पत्र्याला चिरा पडणे हे नित्याचे झाले. नॉर्टनने १९६७ मध्ये कमांडो सादर करताना इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा फाळका (मागचे चाक धरणारा भाग) एकत्र बांधून ते सगळे रबराच्या बैठकीवर मुख्य सांगाड्यापासून अलग केले. ठरावीक फेऱ्यांच्या वर ही गाडी आश्चर्य वाटावे इतकी मऊ चालते. त्या बैठकीतील फट पातळ चकत्या घालून अचूक राखावी लागते. फट फार घट्ट झाली तर थरथर परत येते आणि सैल झाली तर गाडी वळणावर डोलते. १९६८ ते १९७२ अशी सलग पाच वर्षे कमांडोला ब्रिटनमधील ‘मोटर सायकल न्यूज’ साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्षातील सर्वोत्तम गाडी ठरवले होते. माझ्या मते ती जुन्या साच्यातून निघालेली सर्वांत हुशार तडजोड होती. पण ती तडजोडच होती, कारण त्याच सुमारास जपान्यांनी चार सिलिंडर ओळीत लावून हा प्रश्न मुळातच बराचसा मिटवला.

होंडा सीबी ७५० ने ब्रिटिश उद्योग संपवला, असे म्हणणे योग्य आहे का?

हे वाक्य ऐकायला नेटके असले तरी कालक्रम पाहिला की ते टिकत नाही. बर्ट हॉपवुड आणि डग हील या ट्रायम्फच्या अभियंत्यांची तीन सिलिंडरची रचना, म्हणजे पुढे बीएसए रॉकेट थ्री आणि ट्रायम्फ ट्रायडंट या नावांनी आलेली गाडी, १९६० च्या दशकाच्या मध्यालाच नमुन्याच्या रूपात धावत होती. परंतु तिचे बाह्यरूप बाहेरच्या आरेखकांकडून नव्याने करून घेण्यात आणि इतर घोळात काळ गेला आणि गाडी १९६८ मध्ये आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या प्रदर्शनात सीबी ७५० दिसली. एका बाजूला पुशरॉड, चार गिअर, पुढे ड्रम ब्रेक आणि किक. दुसऱ्या बाजूला ओव्हरहेड कॅम, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक आणि बटनस्टार्ट, आणि अमेरिकेतील किंमत १,४९५ डॉलर. ब्रिटिश गाडी दोन वर्षे आधी आली असती तर तिची छाप वेगळी पडली असती.

तरीही रस्त्यावर आणि शर्यतीत ती तीन सिलिंडरची गाडी कमी नव्हती. अमेरिकेतील डेटोना २०० ही शर्यत १९७० मध्ये डिक मॅन यांनी होंडावर जिंकली आणि १९७१ मध्ये त्याच मॅन यांनी बीएसएच्या तीन सिलिंडरवर जिंकली. ‘स्लिपरी सॅम’ या टोपणनावाच्या ट्रायडंटने आयल ऑफ मॅन बेटावरील प्रॉडक्शन टीटी ही शर्यत १९७१ ते १९७५ अशी ओळीने पाच वेळा मारली. तेव्हा गाडी वाईट होती म्हणून कारखाने बुडाले, असे म्हणता येत नाही.

मुळे त्याआधीची आहेत. होंडाने १९५८ मध्ये सुपर कब काढली, १९५९ मध्ये आयल ऑफ मॅनला १२५ सीसी वर्गात पहिल्यांदाच उतरून सांघिक पारितोषिक पटकावले, आणि १९६१ मध्ये माइक हेलवुड यांनी होंडावर १२५ आणि २५० हे दोन्ही वर्ग जिंकले. टर्नर स्वतः १९६० मध्ये जपानला जाऊन कारखाने पाहून आले होते आणि तिथल्या उत्पादनाचा वेग त्यांनी आपल्या अहवालात नोंदवला होता. त्यानंतरही ब्रिटिश संचालकांनी नव्या यंत्रांवर आवश्यक तो पैसा घातला नाही आणि लहान गाड्यांच्या वर्गात जपानी आले की तो वर्ग सोडून एक पायरी वर सरकायचे, असे धोरण ठेवले. वर सरकता सरकता शेवटी पायरीच उरली नाही. ब्रिटिश सरकारसाठी १९७५ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने केलेल्या अहवालाचा मुख्य रोखही याच माघारीवर होता.

त्यात बीएसएने १९७० मध्ये एरियल थ्री नावाची कोणालाही नको असलेली तीनचाकी काढली आणि १९७१ मध्ये सांगाड्यातच ऑइल साठवणारी नवी फ्रेम अशी आणली की सीटच्या उंचीमुळे मध्यम उंचीच्या चालकाचे पाय जमिनीला नीट टेकेनात. नॉर्टन, ट्रायम्फ आणि बीएसए १९७३ मध्ये एका छत्राखाली आणल्या गेल्या. ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना बंद करण्याची घोषणा होताच कामगारांनी तो अडवून धरला आणि नंतर सहकारी तत्त्वावर १९८३ पर्यंत चालवला.

जपान्यांनी ब्रिटिश गाड्यांची नक्कल केली, हा आरोप कितपत खरा आहे?

काही गाड्यांपुरता अगदी खरा आहे. मेगुरो या जुन्या जपानी कंपनीची ५०० सीसी गाडी बीएसए ए ७ वर बेतलेली होती. मेगुरो कावासाकीत विलीन झाली आणि त्याच वंशातून १९६६ ची ६२४ सीसी कावासाकी डब्ल्यू वन जन्मली. यामाहा एक्सएस ६५० मात्र दिसायला ब्रिटिश असली तरी तिच्यात ओव्हरहेड कॅम आणि आडवी चिरलेली क्रँककेस आहे. म्हणजे साचा इंग्लंडचा आणि काम जपानचे. शौकिनांच्या वादात या गाडीला कुणी आपली म्हणत नाही, हा तिच्यावर अन्याय आहे. सीबी ७५०, सुझुकीची पाण्याने थंड होणारी जीटी ७५० किंवा कावासाकीच्या तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक गाड्या यांना मात्र नक्कल म्हणणे निखालस चुकीचे आहे.

वळणावर आणि ब्रेकमध्ये कोणती गाडी सरस?

वळणावर ब्रिटिश. नॉर्टनची ‘फेदरबेड’ फ्रेम मॅककँडलेस बंधूंनी आखली आणि १९५० पासून ती शर्यतीत दिसू लागली. पुढची वीस वर्षे इतरांनी आपली इंजिने त्याच फ्रेममध्ये बसवून पाहिली. त्या मानाने सुरुवातीच्या मोठ्या जपानी गाड्यांचे इंजिन फ्रेमपेक्षा वरचढ होते, आणि कावासाकीची १९६९ सालची ५०० सीसी एच वन तर सरळ रस्त्यावरच पळवावी, असे तिचे चाहतेही मान्य करतात. ब्रेकमध्ये जपानी पुढे, पण सीबी ७५० ची स्टीलची डिस्क पावसात ओली झाली की पहिला क्षणभर काहीच पकडत नाही, हे लक्षात असू द्यावे.

लुकासच्या वायरिंगविषयी एवढे विनोद का?

लुकास म्हणजे ब्रिटिश गाड्यांना विजेचे भाग पुरवणारी कंपनी. विनोदाला आधार आहे, मात्र सगळा दोष तिचा नाही. गाडीचे कारखाने स्वस्तातला माल मागत आणि थरथरणाऱ्या गाडीवर तो बसवत. आज इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि आधुनिक रेग्युलेटर बसवले की बहुतेक तक्रारी संपतात. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू अर्थ केलेली असते, ते न पाहता वायर जोडल्यास नवा महागडा भाग क्षणात जळतो.

किक मारण्यात असे काय विशेष आहे?

कमांडोचे उदाहरण घेऊ. आधी पेट्रोलचा कॉक उघडावा. मग दोन्ही अमल कार्बोरेटरवरील लहान दट्ट्या बोटाने दाबून धरावा, तो बोटांवर पेट्रोल ओघळेपर्यंत. चोकच्या कांडीने भागणाऱ्या जपानी गाडीच्या मालकाला हे पाहून धक्का बसतो. नंतर किक हलकेच दाबत कॉम्प्रेशनचा अडथळा पायाला लागेपर्यंत यावे, किक परत वर घ्यावी आणि संपूर्ण अंगाचे वजन टाकून एकच मारावी. अर्धवट मनाने मारलेली किक उलट फिरून घोट्यावर येते. महाराष्ट्रातील वाचकांना याचा धाकटा प्रकार परिचित आहे: जुन्या बुलेटचा डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कांडी) दाबून अँमीटरचा काटा मध्ये आणायचा आणि मग किक. जमले की पहिल्या किकमध्ये फायरिंग मिळते, नाही जमले तर चौकातली मंडळी सल्ले द्यायला जमतात.

आज स्पेअर पार्ट कोणाचे सहज मिळतात?

नवख्यांची सर्वांत मोठी गैरसमजूत इथेच असते. नव्या असताना जपानी गाड्या कमी बिघडत, म्हणून आज त्या सांभाळणेही सोपे असेल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात पन्नास वर्षांनी पारडे उलटले आहे. ब्रिटिश कारखान्यांनी तेच इंजिन वर्षानुवर्षे किरकोळ बदलांनी चालवल्यामुळे एकच पार्ट अनेक मॉडेलना चालतो, आणि म्हणून तो पुन्हा तयार करणे लहान कारखान्यालाही परवडते. अँडोव्हर नॉर्टनकडे कमांडोचे बहुतेक भाग नवे मिळतात आणि अमल कार्बोरेटर तर आजही बर्लेन ही कंपनी बनवते. जपानी कंपन्यांनी दरवर्षी मॉडेल बदलले, टाकीची पट्टी, साइड कव्हर, स्विच, मीटरची तबकडी, सायलेन्सर सगळे बदलले, आणि ठरावीक वर्षांनी ते भाग बनवणे बंद केले. इंजिनाच्या आतले सापडते, बाहेरचे सापडत नाही. सीबी ७५० च्या सुरुवातीच्या सुमारे ७,४०० गाड्यांची खडबडीत पृष्ठभागाची क्रँककेस तर संग्राहकांमुळे इतकी दुर्मीळ झाली आहे की चेन तुटून तिला भोक पडणे, हा त्या गाड्यांचा ज्ञात दोष, आज मालकाच्या झोपेवर येतो.

पाने आणि हत्यारे वेगळी लागतात का?

होय, आणि यात काटकसर करू नये. ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल थ्रेड असे जुन्या इंग्रजी पद्धतींचे आटे असतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांत युनिफाइड आट्यांची भर पडली, त्यामुळे एकाच इंजिनावर तीन पद्धतींचे नट सापडू शकतात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच असते. जवळपासचा मेट्रिक पाना ठोकून बसवला की नटाचे कोपरे गेलेच म्हणून समजा. बुलेटवर आयुष्य काढलेल्या जुन्या मिस्त्रींकडे हे पाने असतात, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात चिकाटीने शोधल्यास हाती लागण्याची शक्यता असते.

जपानी गाडीत आटे मेट्रिक असल्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि क्रँककेसच्या कव्हरवर फसतात. तिथले फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यांत पूर्ण खोल बसत नाही, जोर देताच वर उचलला जातो आणि स्क्रूची फुली गोल होते. जपानी मानकाचे टोक आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर जवळ असल्याशिवाय कव्हरला हात लावू नये.

भारतात ही तुलना कोणत्या गाड्यांमध्ये करता येईल?

बुलेट ३५० आणि राजदूत ३५० यांच्यात, आणि ती जगातल्या कोणत्याही तुलनेइतकी नेटकी आहे, कारण एक ३४६ सीसी आहे आणि दुसरी ३४७. रॉयल एन्फील्डचा मूळ कारखाना इंग्लंडमधील रेडिच येथे होता. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे १९५५ पासून बुलेटची जुळणी सुरू झाली आणि इंग्लंडची कंपनी मिटल्यावरही बुलेट चालूच राहिली. राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५० ची एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली आवृत्ती, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. मूळ जपानी गाडीची ३९ अश्वशक्ती इथे ‘हाय टॉर्क’ प्रकारात सुमारे ३० वर आली, आणि पुढच्या डिस्कच्या जागी ड्रम आला. बुलेटची शक्ती सुमारे १८. पोलीस, सैन्य आणि गावचे पाटील बुलेटवर राहिले. आरडी पेट्रोल फार पिते म्हणून तेव्हा गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि बंद पडल्यावर तिच्यामागे लागले. खरेदी करताना ‘हाय टॉर्क’ आणि त्याहून कमी शक्तीचा ‘लो टॉर्क’ प्रकार यांतला फरक पत्र्यावरच्या अक्षरांवरून ठरवू नये, जाणत्या मिस्त्रीला सिलिंडर आणि सायलेन्सर दाखवावेत.

आजच्या नव्या ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए यांना जुन्यांचे वारस मानावे का?

नावापुरते. ट्रायम्फचे नाव मेरिडन बंद पडल्यावर जॉन ब्लूर यांनी विकत घेतले आणि हिंकली येथे नवी कंपनी उभी केली. तिची स्पीड ४०० ही गाडी २०२३ पासून बजाज पुण्याजवळ चाकणला बनवते. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली, तर बीएसए महिंद्र समूहाशी संबंधित क्लासिक लेजंड्सकडे आहे. गंमत अशी की दोन्ही पिस्टन एकत्र खालीवर होण्याची ती जुनी इंग्रजी लय आजच्या मोठ्या बोनव्हिलमध्ये आणि रॉयल एन्फील्डच्या ६५० मध्ये राहिलेली नाही, कारण दोन्हींत क्रँकचा कोन २७० अंशांचा आहे. ती लय जपली कावासाकी डब्ल्यू ८०० ने.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने काय होते?

जुने रबरी पाइप आणि सील फुगतात किंवा तडकतात, आणि काही कमांडोंवर असलेली फायबरग्लासची टाकी आतून मऊ पडून तिचा चिकट राळ कार्बोरेटरमध्ये उतरतो. पाइप आणि सील इथेनॉलला टिकणारे घालावेत, फायबरग्लासची टाकी काढून पोलादी बसवावी, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा.

विंटेज नोंदणीसाठी कोणती गाडी पात्र ठरते?

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या दुचाकीची विंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. नव्याने दिलेल्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढीच मुभा आहे. याचा अर्थ १९६९ ची सीबी ७५० किंवा बोनव्हिल या नोंदणीत बसते, परंतु राजदूत ३५० ला २०३३ पर्यंत थांबावे लागेल.

पहिली जुनी गाडी कोणती घ्यावी?

हाताला काळे लागलेले आवडत असेल आणि जवळ बुलेट जाणणारा मिस्त्री असेल तर ६५० सीसी ट्रायम्फ किंवा बीएसए घ्यावी. फक्त रविवारी सकाळी बाहेर काढून चालवायची असेल आणि गाडी पूर्ण अवस्थेत मिळत असेल तर होंडा. अपुरी जपानी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नये, अपुरी ब्रिटिश गाडी घेण्यास हरकत नाही. ट्रायम्फ पाहताना इंजिन आणि फ्रेम यांवरचे क्रमांक जुळतात का ते पाहावे: १९६९ च्या मॉडेलपासून क्रमांकाआधी दोन अक्षरे येतात, पहिले महिन्याचे आणि दुसरे मॉडेलच्या वर्षाचे, आणि इंजिनावर क्रमांकाखालच्या उंचवट्यावर ट्रायम्फची बारीक नाममुद्रा कोरलेली असते. ती घासून गुळगुळीत झालेली दिसली तर किमतीविषयी बोलणे तिथेच थांबवावे.